जाजरकोटला जाणाऱ्या टीमसाठी सूचना

जय ख्रिस्त सगळ्यांना 🙏 नेपाळला जाणाऱ्यांची मीटिंग या रविवारी उपासना संपली की लगेच हॉलमध्येच आहे, ज्यांनी नावं दिलीत त्यांनी यायचंच, कामाची वाटणी तिथेच होणार.

3 नोव्हेंबर 2023 च्या रात्री लोक झोपेत असताना पश्चिम नेपाळमधल्या जाजरकोट जिल्ह्यात भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती अंगावर पडल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. आपल्याला घर बांधता येत नाही, पण ढिगाऱ्यातले चांगले दगड निवडून रचणं, वाळू वाहणं, मिस्त्रीच्या हाताखाली राबणं एवढं नक्की जमेल, आणि तेच मनापासून करायचंय.

– विमानाने जायचंय, त्यामुळे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागेल. नुसत्या आधारवर भरवसा ठेवू नका.
– जाड बूट, हातमोजे, मास्क, गरम कपडे. रात्री थंडी खूप असते.
– तिकडच्या मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, आपणही त्यांच्यासोबत बसू.
– नेपाळमध्ये धर्मांतर करवणं गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पत्रकं न्यायची नाहीत, मदत देताना कुणाला धर्म विचारायचा नाही. आपण परत येऊ, त्रास तिथल्या विश्वासणाऱ्यांना होईल.
– न विचारता कुणाचे फोटो काढू नका, लहान मुलांचे तर अजिबात नाही. ज्या आईचं लेकरू गेलंय तिच्यासमोर मोबाईल धरणं बरं नाही.

बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच नक्की करा. ओळखपत्राची झेरॉक्स रविवारीच सेक्रेटरींकडे द्या, तिकिटं त्यावरच अडलीत.