त्या शेवटच्या फ्रेमबद्दल

चि. मनू,

पोचलीस हे आत्याकडून कळलं. माझ्याशी बोलायचं नसेल तर राहू दे, पण हे वाच.

चूक माझीच. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय'चा, त्या दरोडेखोरांपासून गाव वाचवणाऱ्या सात सामुरायांच्या जपानी सिनेमाचा, शेवट आला, तू पॉज केलंस, म्हणालीस, "बाबा, फ्रेम बघा." आणि मी विचारलं, "शूट संपल्यावर रात्री खोलीवर कशी जातेस?" त्यावरून एवढं रामायण.

काल एकट्यानेच तो शेवट पुन्हा लावला. तीनदा. एकीकडे भातलावणी, ढोल-बासरी, गाणं. ती शेतकऱ्याची मुलगी शिनो, तिच्यावर जीव जडलेल्या तरुण सामुरायाजवळून, कात्सुशिरोजवळून, न बोलता निघून जाते, चिखलात उतरते, गायला लागते. (तूही रिक्षात बसताना मागे पाहिलं नाहीस.) इकडे सात सामुरायांतले उरलेले तिघे. त्यांचा म्होरक्या कांबेई म्हणतो, जिंकले ते शेतकरी, आपण नाही. मग कॅमेरा वर सरकतो. जिवंत माणसं खाली सुटतात आणि उरतात मातीचे चार ढिगारे, त्यांत रोवलेल्या तलवारी, वारा. मला आजवर ती नुसती टेकडीच वाटायची. गेलेल्यांना कुरोसावाने उरलेल्यांच्या डोक्यावर ठेवलंय, हे तू दाखवत होतीस ना?

१९५४ चा सिनेमा. फिल्म सोसायटीत पाहिला तेव्हा आम्ही फक्त लढाई पाहिली. साडेतीन तास! तुझी आई पहिल्या अर्ध्या तासातच झोपली. उठली ती थेट शेवटच्या पावसात, आणि मला विचारते, "छत्री आणलीय ना?" मागची अख्खी रांग हसली.

एक मात्र बघ. चौघे मेले, चौघेही बंदुकीने. क्यूझोसारखा तलवारबहाद्दर, तोही. म्हणून म्हणतो, नुसती हुशारी पुरत नाही, दीड वाजता सामसूम स्टेशनवर... बघ, पुन्हा तेच. माफ कर. डोकं भादरलेल्या कांबेईसारखा डोक्यावरून हात फिरवत बसलोय, माझ्याकडे तर भादरायलाही काही उरलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, आमची मनू कॅमेऱ्यावर असते, फोकस तिच्या हातात. ते म्हणाले, "म्हणजे फोटोग्राफर?" मी अर्धा तास समजावत होतो. तूच सांगितलेलं सगळं.

लाडूंचा डबा फ्रीजवरच राहिला. शनिवारी आत्याच्या मुलाबरोबर पाठवतो. रात्रीच्या रिक्षासाठी थोडे पैसे टाकलेत. परत पाठवू नकोस.

बाबा