करारात नळाची कंपनी असते, डेटा केबलचा पत्ता नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुनर्विकासाच्या बातम्यांत वाढीव चटईक्षेत्र, कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो तो निधी) आणि भाडे यांची चर्चा भरपूर होते. बिल्डरबरोबरच्या कराराला जोडलेल्या सुविधांच्या यादीत टाइलचा आकार असतो, नळाची कंपनी असते, ओट्याचा दगडही असतो. इंटरनेटच्या वाट्याला मात्र ‘हॉलमध्ये टीव्ही, टेलिफोन व इंटरनेट पॉइंट’ एवढी एकच ओळ येते. पुढची वीस वर्षे सभासद ‘नेट स्लो आहे’ म्हणून ज्या कंपन्या बदलत राहतात, त्यातला बराच दोष या ओळीचा असतो.

रस्त्यावरून येणारा फायबर आता सहसा अडचणीचा राहिलेला नाही. घरगुती जोडण्यांसाठी रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवर सेकंदाला २.४८८ गिगाबिट येतात आणि स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या तुकड्यातून, ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढत नाहीत, म्हणून ते पुरते. अडते ते दाराच्या आत. फायबरचा डबा (मोडेम आणि वायफाय राउटर) एमसीबीशेजारी, चपलांच्या कपाटावर नाहीतर माळ्यावर बसतो, कारण पाइप तिथेच संपलेला असतो. तिथून पलीकडच्या बेडरूमपर्यंत जायचे ते हवेतून.

आणि हवेत आता काँक्रीट आहे. नव्या टॉवरमध्ये मायवन पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, आतल्या भिंतीही आरसीसीच्या ओततात. साधारण १५०-१६० मिलिमीटर जाडी, आत सळईची जाळी. वायफायच्या हिशेबात १० डेसिबल घट म्हणजे दहावा हिस्सा उरला आणि २० डेसिबल म्हणजे शंभरावा. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींचे एवढे नुकसान करायला अशी एक भिंत पुरते. २.४ गिगाहर्ट्झ थोडे अधिक आत शिरते, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच तिघांवर. साधा रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, लावला तर तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. यावर उपाय एकच: प्रत्येक खोलीपर्यंत तार न्यायची. विटांच्या भिंतीत नंतर झिरी मारून पाइप टाकता येत होता. आरसीसी भिंतीत तशी झिरी मारणे म्हणजे इमारतीच्या हाडाला हात घालणे. म्हणून हा निर्णय काँक्रीट ओतण्याआधी, खरे तर करारावर सही होण्याआधी व्हायला हवा.

केबल टाकली म्हणजे काम झाले, असेही नाही. समजा, ग्राहकाने ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला ३०० मेगाबिट) प्लॅन घेतला आहे आणि तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर चाचणी ९४ दाखवते. पुन्हा केली, ९४. रात्री दोन वाजता केली तरी ९४. आकडा असा खिळून बसला की कंपनीला फोन लावण्याआधी केबल तपासावी. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर, म्हणजे तारेच्या नेटवर्कवर, माहिती पाकिटांत जाते; १५०० बाइटच्या पाकिटातले ४० बाइट आयपी आणि टीसीपीच्या मथळ्यांत (पत्ता, क्रमांक वगैरे लिहिण्यात) जातात आणि पाकिटाभोवती, दोन पाकिटांमधली जागा धरून, आणखी ३८ बाइट लागतात. १४६० भागिले १५३८ म्हणजे ९४.९ टक्के. तेव्हा ९४ हा आकडा ‘वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा जोड आहे’ असेच सांगत असतो. (डाउनलोड करताना ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. तिथे हेच ११ ते १२ दिसते, एका बाइटचे आठ बिट म्हणून आठाने भागल्यामुळे. त्यावरून होणारी भांडणे वेगळीच.)

हा १०० चा जोड येतो कुठून? केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, प्लगच्या १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी प्लगमध्ये नीट बसली नाही, तरी बहुतेक पोर्ट तक्रार न करता १०० वर उतरतात. दिवा लागतो, नेट चालते, कारागीर पैसे घेऊन जातो. काही जण तर मुद्दाम चारच तारा क्रिंप करतात (प्लगमध्ये दाबून बसवतात), किंवा एकाच केबलच्या चार-चार तारा दोन सॉकेटना देऊन ‘दोन पॉइंट’ म्हणून बिल लावतात. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० आहे की १००/१००, एवढे पाहिले तरी उलगडा होतो.

प्लगमधला तारांचा क्रम हा दुसरा घोळ. खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मुद्दाम फुटून निळीच्या दोन्ही बाजूंना बसते. ते विचित्र दिसते, म्हणून कुणी ‘सरळ’ क्रम लावतो: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसाच लावला तर दिव्यांचा स्वस्त टेस्टर एक ते आठ सगळे दिवे नीट पेटवून दाखवतो, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढेच बघतो. प्रत्यक्षात ३ आणि ६ वरचा सिग्नल आता एकमेकींना न पिळलेल्या दोन तारांवरून चाललेला असतो. पीळ असतो तेव्हा बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि पलीकडे वजाबाकीत नाहीसा होतो. पीळ गेला की तो राहतो, शेजारच्या जोडीतलाही आत येतो. मग छोटी केबल चालते, लांब केबल तासातासाला तुटते आणि दोष राउटरवर जातो. याच कारणासाठी टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो.

केबलच्या मालाबद्दलही लिहिले पाहिजे. बाजारात कॅट सिक्स म्हणून सीसीए केबल सर्रास मिळते: आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडली की आतली चांदीसारखी चकाकी दिसते. वजनही बोलते. ३०५ मीटरच्या खोक्यात २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) आठ तारांचे तांबेच साडेपाच किलोच्या वर भरते, आवरण आणि मधला प्लास्टिकचा क्रॉस वेगळा. अख्खा खोका सहा-सात किलोच भरला तर आत काय आहे ते उघड आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि ती पंच करताना (सॉकेटच्या खाचेत दाबून बसवताना) तुटते. सोसायटीचा लांबचा कॅमेरा दिवसभर चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होत राहतो, त्यामागे अनेकदा हीच केबल असते. अशा कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जाते; रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची ओढ वाढते आणि केबलमध्येच व्होल्टेज इतका घसरतो की कॅमेऱ्याला पुरत नाही.

करारात काय लिहावे? फायबरच्या डब्यासाठी घराच्या मध्याकडे हवेशीर जागा, लोखंडी पेटी नको, शेजारी तीन पिनचे तीन सॉकेट. मजल्याच्या डक्टपासून तिथपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप. तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र २५ मिलिमीटर पाइप आणि आत ओढतार (पुढे केबल ओढून घ्यायला ठेवलेली तार). दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनी वळणे दोनपेक्षा जास्त नकोत, तीही एल्बो न लावता गोलाईची. विजेच्या पाइपातून डेटा केबल न्यायची नाही. फूटभर अंतर ठेवावे, ओलांडायचेच तर काटकोनात. केबल कॅट सिक्स, शुद्ध तांबे, २३ गेज; खोलीला एक, टीव्हीच्या भिंतीला दोन, मधल्या पॅसेजच्या छताला अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी (छतावरून वायफाय देणाऱ्या डब्यासाठी) एक. दोन्ही टोके आयओ सॉकेटवर (भिंतीतल्या नेटवर्क सॉकेटवर) पंच केलेली आणि खोलीचे नाव लिहिलेली. नाहीतर ताबा मिळाल्यावर पेटीतून लोंबणाऱ्या सात निळ्या केबलपैकी कुठली कुठे जाते, हे शोधण्यात रविवार जातो.

सामाईक भागाचे थोडक्यात. उभ्या डक्टमध्ये किमान तीन कंपन्यांच्या फायबरला जागा असावी आणि बिल्डरने एकाच कंपनीला मक्ता देऊ नये, असे स्पष्ट कलम हवे. नाहीतर दुसरी कंपनी गच्चीवरून तारा सोडणार. तांब्याच्या केबलची मर्यादा टोकांच्या जोडकेबलींसकट १०० मीटर आहे, त्यामुळे गेटपर्यंत आणि दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावा. तिथे तांबे टाकले की वळवाच्या पहिल्या गडगडाटात दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. कॅमेऱ्यांचे नेटवर्क स्विच (केबल एकत्र जोडणारी पेटी) घेताना लूप, म्हणजे केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये जाऊन झालेला वेढा, ओळखणारे घ्यावेत. इथरनेटच्या फ्रेमला (आयपी पाकिटाभोवतीच्या वेष्टनाला) आयपी पाकिटासारखी आयुर्मर्यादा नसते. साफसफाई करताना कुणी मोकळी दिसलेली केबल त्याच स्विचमध्ये खोचली की एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली) फ्रेम गोल गोल फिरत वाढत जाते आणि काही सेकंदांत सगळे कॅमेरे गोठतात.

दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार स्टार रेटिंग देण्याचे विनियम काढले, हे चांगलेच झाले. पण आपल्या बेडरूमच्या भिंतीतला पाइप आपल्या करारातच लिहावा लागतो.

लिहिलेले झाले की नाही, तेही पाहावे लागते. साचा बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो घ्यावा. पुढे ड्रिल मारतानाही तो उपयोगी पडतो. ताबा घेताना फायबर कंपनीच्या माणसाकडून पॉवर मीटरवर प्रकाशाच्या जोराचा आकडा पाहून घ्यावा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला तर कुठेतरी फायबर दुमडला आहे, किंवा फायबरच्या हिरव्या जोडटोकाला न जुळणारे निळे टोक जोडले आहे. प्रत्येक आयओवर लॅपटॉप लावून लिंक स्पीड वाचावा. आणि रिकाम्या पाइपांची परीक्षा दोघांनी मिळून करावी: एकाने ओढतार या टोकाला ओढायची, दुसऱ्याने पलीकडच्या खोलीत ती हलते का बघायचे. हलली नाही तर त्या पाइपात सिमेंटचे पाणी गेले आहे. ताबापत्रावर सही त्यानंतर.

– एक वाचक, ठाणे
(व्यवसाय: नेटवर्क केबलिंग)