विषय: रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या टायमिंगमधील (घोडा चढताना सिलिंडर नेमक्या जागी येऊन अडकण्यातील) दोषाबाबत दुसरी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेले कोल्ट १८५१ नेव्हीच्या प्रतिकृतीचे रिव्हॉल्व्हर (.३६ कॅलिबर) मी तपासणीसाठी पाठवले होते. ते 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत आले. दोष आहे, आणि तो आपल्या तपासणीत का सापडला नसावा, तेही सांगतो.

घोडा (अंगठ्याने मागे ओढायचा हॅमर) झटक्यात चढवला की सिलिंडर (गोळ्यांची सहा घरे असलेला फिरता भाग) वेगाच्या भरात पुरता फिरतो आणि बोल्ट (सिलिंडर जागी अडवणारा खटका) त्याच्यावरच्या खाचेत बसतो. सगळे ठाकठीक वाटते. तोच घोडा अंगठ्याने सावकाश चढवा आणि दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरला हलके टेकवून ठेवा. चार घरांवर बोल्ट बरोबर बसतो. उरलेल्या दोन घरांवर घोडा पूर्ण चढून अडकतो, तरी सिलिंडर खाचेच्या अलीकडेच राहतो. बोटाने जरासा पुढे ढकलला की मग टक्कन बसतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, दर वेळी घोडा अलगद उतरवून, मी हे पुन्हा पुन्हा पाहिले. नेहमी तीच दोन घरे. त्यांवर मार्करने खूण केली आहे.

आपण लांब हँड (घोडा चढताना सिलिंडर ढकलून फिरवणारी पट्टी) पाठवण्याची तयारी दाखवलीत, पण तो उपाय इथे चुकीचा आहे. हँड आखूड असता तर सहाही घरे मागे पडली असती. दोनच पडतात, म्हणजे सिलिंडरमागच्या रॅचेटचे (हँड ज्यांना ढकलतो त्या दातांच्या कड्याचे) तेवढेच दाते जास्त कापले गेले आहेत. लांब हँड घातला तर बाकीची चार घरे घोडा पूर्ण चढण्याआधीच अडकतील आणि अंगठ्याचा सगळा जोर हँड, बोल्ट आणि खाचांवर येईल. 'वापरून बसेल' हे आपले म्हणणेही पटत नाही. झिजेने दाते आणखी कमीच होणार.

घर नळीच्या रेषेत नसताना बार उडाला तर गोळीचे शिसे नळीच्या कडेवर तासले जाऊन बाजूला उडते. म्हणून मी यातून अजून एकही बार काढलेला नाही.

सिलिंडरवरच्या १८४३ च्या कांपेचे येथील सागरी लढाईच्या कोरीव चित्रावर बोल्टचा बारीक ओरखडा उमटला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कृपया सिलिंडर बदलून द्यावा, हँड आणि बोल्ट त्याच्याशी जुळवून बसवावेत आणि पाठवण्यापूर्वी सहाही घरे वर लिहिल्याप्रमाणे सावकाश तपासावीत. हे शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी.

आपला,
एक ग्राहक