मुख्याध्यापकांना दोन घटका बसू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. वर्ग पहिली ते चौथी, पट ४३, शिक्षक दोन. माझी धाकटी तिसरीत शिकते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी आमच्या गुरुजींचीच लागेल, आणि त्यांचा यात दोष नाही.

अध्यक्ष झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात चौथीतला एक पोरगा प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन घरी आला. "काकू, गुरुजींनी सही मागितलीय." मी कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला निघाले होते. रजिस्टर उघडलं, तर सभा होऊनही गेलेली. विषय पाच, ठराव पाच, पाचही 'सर्वानुमते मंजूर'. तिसऱ्या ठरावाची सूचक तर मीच होते! ठराव होता शाळा विकास आराखड्याचा. तो आराखडा मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तरी सही केली, कारण पोरगा उन्हात उभा होता आणि 'वरून मागितलंय' म्हणत होता.

नंतर राहवेना, म्हणून कायदा वाचला. बारावी झालेय, वाचता येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत ७५ टक्के सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं समितीकडे. विकास आराखडा करायचा तोही कलम २२ प्रमाणे समितीनंच. कागदावर आमच्या हातात एवढं बळ आहे हे वाचून मला हसूच आलं. हे बळ वापरायचं तर मुख्याध्यापकांसोबत बसावं लागतं. आणि मुख्याध्यापकांना बसायला वेळ नाही.

मुळात आम्हाला मुख्याध्यापकच नाहीत. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी १५० च्या वर पट असेल तरच मुख्याध्यापकाचं पद धरलंय. आमच्यासारख्या वाडीवस्तीवरच्या शाळेत दोघांतले ज्येष्ठ ते 'प्रभारी'. म्हणजे दोन वर्ग शिकवायचे आणि वर मुख्याध्यापकी. एक दिवस मी शाळेत थांबून पाहिलं. प्रार्थना झाली, गुरुजींनी पहिलीला अक्षरं गिरवायला दिली आणि पोषण आहाराची माहिती भरायला मोबाइल घेतला. रेंज नाही, म्हणून हापशाजवळ गेले. परत आले तर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर मेसेज: आधारची दुरुस्ती राहिलेल्या मुलांची यादी, अतितातडीचे, दुपारी एकपर्यंत. यादी करेपर्यंत तांदळाचं पोतं आलं, ते मोजून घ्यायचं. मग कुठल्याशा दिनाचा फोटो, मुलं ओळीत, फलक हातात. फोटो अपलोड होईना. पहिलीची पोरं तोवर पाटीवर विमानं काढत होती. दीड वाजता गुरुजी मला म्हणाले, "ताई, तुम्ही काहीतरी बोलायला आला होता ना?"

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. पालक शाळेत येत नाहीत, त्यांना आस्था नाही, असं प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवलं जातं. पालक येतात. आले की त्यांच्याशी बोलायला शाळेत कुणी मोकळं नसतं. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कोण येणार?

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे आधी एक बाई होत्या. त्याही प्रभारीच, पण त्या वर्षी दुसरे शिक्षक तरुण होते, मोबाइलवरची सगळी कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. बाईंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं की सकाळी अकराची सभा म्हणजे बाईमाणसाचा तीनशे रुपये रोज बुडाला. त्यांनी सभा संध्याकाळी साडेसातला घेतली, शाळेच्या ओट्यावर. भाषण नाही, चहासुद्धा नाही. प्रत्येक मुलानं आपल्या आईसमोर बसायचं आणि पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं. आमच्या शेजारची एक जण म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय, मी काय करू बसून?" बाई म्हणाल्या, "नुसतं ऐका." पोरगं वाचायला लागलं. जोडाक्षर आलं की थांबायचं, दोन ओळी गाळून पुढं जायचं. थोड्या वेळानं ती माउलीच बाईंना म्हणाली, "अक्षर मला येत नाही, पण हा कुठं अडतो ते कळलं. ते जोडलेलं आलं की गिळून टाकतो." तिसरीतल्या किती मुलांची तीच गत आहे, हे त्या रात्री सगळ्यांनाच दिसलं. दुसऱ्या दिवसापासून त्या तरुण सरांनी रोज जोडाक्षरं घेतली. पुढच्या महिन्यात ओट्यावर जागा पुरेना, बाप लोकही यायला लागले. त्या वर्षीचा आराखडा आम्ही खरोखर बसून केला. पहिली मागणी मुलींच्या मुतारीच्या दाराला कडी, ही होती. ती कुठल्याच छापील नमुन्यात नव्हती.

मग बदल्यांची फेरी आली आणि बाई आणि सर एकाच वर्षी गेले. बदली हा त्यांचा हक्क आहे, बाईंचं घर इथून लांब होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन माणसांच्या शाळेतून दोघंही एकदम गेले की मागं काय उरतं? रजिस्टरं. आताच्या गुरुजींना वाईट मी म्हणणार नाही, पण ते एकटे पडलेत. सोबतच्या मॅडम नवीन आहेत, आणि या दोघांनाच एकमेकांशी बोलायला खिचडी वाढतानाची दहा मिनिटं मिळतात, तर आमच्याशी कधी बोलणार?

कौतुक मात्र एकेकट्याचं होतं. २०२० मध्ये परितेवाडीच्या डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आम्हालाही अभिमान वाटला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली, याची चर्चा त्यामानानं कमीच झाली. प्रत्येक शाळेला असा एक गुरुजी मिळेल या भरवशावर खातं कसं चालवणार?

म्हणून मागणी करते. प्रत्येक केंद्राला एक लिपिक द्या, जो केंद्रातल्या सगळ्या शाळांची ऑनलाइन माहिती भरेल. गुरुजींकडे एकदा घेतलेली माहिती पुन्हा मागायची नाही, असा आदेश काढा आणि तो पाळला जातो का ते स्वतः बघा. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये असं कलम २७ सांगतं. मोबाइलवरची ही कामं त्यात कुठं बसतात, तेही एकदा कुणाला तरी विचारा. दोनशिक्षकी शाळेतली दोन्ही माणसं एकाच वर्षी बदलू नका. प्रभारींना मुख्याध्यापकी शिकवा. हिशेब त्यांना येतो, सभा कशी घ्यायची, रागावलेल्या बापाशी कसं बोलायचं, नव्या सहकाऱ्याला कसं सांभाळून घ्यायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं. संध्याकाळच्या सभेला कामाचा वेळ धरा आणि त्याबदल्यात शिक्षकांना सुटीचे तास द्या. आणि समितीचं प्रशिक्षण तालुक्याला ठेवाल तेव्हा बायकांचा त्या दिवसाचा रोज द्या. मागच्या वेळी आम्ही चौघी गेलो होतो. जेवणाची पाकिटं मिळाली, दोन भाषणं झाली, हजेरीवर तीनदा सह्या झाल्या. रोज बुडाला तो बुडालाच.

शाळास्तरावरच्या समित्या एकत्र करायचा निर्णय आपल्या खात्यानं २०२५ मध्ये घेतला, तो चांगला झाला. सह्या कमी झाल्या. आता उरलेल्या समितीला काम करू द्या.

आमची पुढची सभा येत्या शनिवारी आहे. कांदा काढणी चालू असल्यानं रात्री आठला ठेवलीय. गुरुजी म्हणाले, "तोवर मी गावात थांबलो तर शेवटची एसटी जाते." सभेनंतर त्यांना मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला दोन पोरं तयार झालीत, तिथून पुढं गाड्या मिळतात. या महिन्याचं प्रोसिडिंग अजून लिहिलेलं नाही. मी रजिस्टर माझ्या घरीच ठेवून घेतलंय.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष,
एक जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. नाशिक