वजन तेवढंच आहे म्हणे!

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला, माणसाच्या केसांपासून बनवलेल्या जुन्या युरोपीय दागिन्यांवरचा लेख वाचला. फोटो छान होते, त्याबद्दल आभार, पण अख्खा लेख 'ईऽऽ, मेलेल्या माणसाचे केस' अशा सुरात कशाला लिहायचा हो? 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट गेला, राणीने त्याचे केस लॉकेटमध्ये घालून अंगावर बाळगले, 1901 ला स्वतः जाईपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत, यात किळस कसली? आपल्याकडे जेवणात केस निघाला की ताट सारतात म्हणून तिकडच्यांनीही नाक मुरडायचं का?

आणि प्रत्येक केसांचा दागिना सुतकातलाच असं ठोकून दिलंय, ते चूक आहे. प्रेमात, मैत्रीतही केस द्यायचे, नवऱ्याच्या घड्याळाची चेन बायकोच्या केसांची असायची. स्वीडनमधल्या वोमहुस गावच्या बायका तर हेच काम करत युरोपभर फिरायच्या, पोटासाठी! केस सोड्याच्या पाण्यात उकळून साफ करायचे, बटांना बारीक वजनं बांधायची आणि मधे भोक असलेल्या गोल टेबलावर गोफासारखं विणत जायचं. हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

माझा राग खरं तर तुमच्या शेवटच्या वाक्यावर आहे, 'आज किंमत फक्त सोन्याची'. वा! माझ्या भाचीने लंडनच्या जुन्या बाजारातून मला एक लॉकेट आणलं होतं, काचेखाली पिंगट केसांची इवलीशी वेणी, मागे नाव आणि 1874 कोरलेलं. काच हलत होती म्हणून नेहमीच्या सराफाकडे टाकलं. परत मिळालं ते लखलखीत, आत काही नाही. "काकू, आत कचरा होता, काढून टाकला, पॉलिशचे पैसे लावले नाहीत." मी भांडले तर काटा पुढे करून म्हणतो, वजन तेवढंच आहे, बघून घ्या. दीडशे वर्षं टिकलेले केस ह्याच्या केराच्या टोपलीत गेले, आणि वर उपकार केल्यासारखं बोलतो! तेव्हाही लोकांना भीती असायची की सोनार आपल्या माणसाचे केस बदलून दुसऱ्याचेच घालेल, म्हणून अमेरिकेत कितीतरी बायका घरीच विणायला शिकल्या. शहाण्या होत्या. तुमच्या लेखकाची आणि आमच्या सराफाची गाठ घालून द्यायला हवी, दोघांचं छान जमेल.

आणि जाता जाता, मागच्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर या वेळीही छापलेलं नाही. विसरलात की तुम्हालाच सुटलं नाही?

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली