तळीतलं वरचं पाणी

लायडन, नेदरलँड्स, 12 मे

प्रिय आई,

परवा फोनवर बाबा विचारत होते तुझी दुर्बीण कुठाय, आणि मी म्हटलं माझ्याकडे दुर्बीणच नाहीये तर ते गप्पच झाले. म्हणून नीट लिहितेय, वाचून दाखव त्यांना.

दुर्बीण ती जेम्स वेब, 2021 च्या नाताळात सोडलेली, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे. तरुण ताऱ्याभोवती गॅस आणि धुळीची चकती असते, ग्रह त्यातूनच बनतात. त्यातली पाण्याची वाफ, कार्बन डायॉक्साइड वगैरे तापले की इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि त्या प्रकाशाच्या ग्राफमधे प्रत्येक रेणूच्या रेघा ठरलेल्या, कार्बन डायॉक्साइडच्या 15 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. जमिनीवरनं बघायला गेलं तर आपल्याच हवेतले तेच दोघे मधे येतात. मी करते ते उलटं, कॉम्प्युटरमधे खोटी चकती बनवते, एवढं तापमान, एवढा गॅस, तर रेघा कशा दिसतील, मग खऱ्याशी जुळवायचं.

तर गेले तीन आठवडे माझ्या रेघाच येईनात! ग्राफ सपाट. कोड चारदा वाचला, रेणूंच्या याद्या तपासल्या, रात्री दोन-दोनपर्यंत बसले, आणि सापडलं काय तर गॅसला आणि धुळीला मी एकच तापमान देऊन ठेवलेलं, तेही वरपासून खालपर्यंत. धूळ एवढी दाट की तीच चमकते, गॅसही तेवढाच गरम असेल तर तो वेगळा दिसणार कसा?

आपली तळी आठवली गं एकदम. मेमधे दुपारी उडी मारली की छातीपर्यंत कोमट आणि पाय खाली गेले की पोटऱ्यांना एकदम गारठा, दादा मुद्दाम खाली ओढायचा. चकतीचंही तसंच, वरचा पातळ थर ताऱ्याच्या अल्ट्राव्हायोलेटने तापतो, तिथे गॅस धुळीपेक्षा गरम, म्हणून रेघा उठून दिसतात. म्हणजे आम्हाला दिसतं ते फक्त वरचं, खाली किती पाणी आहे ते रेघ बघून कळत नाही. हे बाबांना दोनदा सांग, नाहीतर ते देवगडभर सांगत सुटतील पोरगी ताऱ्यावरचं पाणी मोजते म्हणून.

पीडीएस 70 नावाचा तारा आहे, साधारण 370 प्रकाशवर्षं लांब. त्याच्या चकतीत, जिथे पृथ्वीसारखे ग्रह बनू शकतात तिथे, पाण्याची वाफ असल्याचं 2023 मधे जाहीर झालं. गंमत म्हणजे तो नरतुरंग तारकासमूहात आहे आणि इथून ती जागा क्षितिजावर येतच नाही कधी, तुमच्या खळ्यातून मात्र आत्ता रात्री दक्षिणेला येते. तारा नुसत्या डोळ्यांना नाही दिसायचा, आणि तसाही तो फणस आड येईल.

घर शाकारलंत का? आगोटीचं सामान भरलंस का? आंब्याची पेटी पाठवायच्या भानगडीत पडू नका, गेल्या वेळी इथे पोचेपर्यंत निम्मे सडले होते. आमसुलं मात्र पाठव, संपलीयेत.

तुझी,
मनू