बेसवाल्याचे नाव फक्त फोटोखाली

माननीय संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला क्वीन या इंग्लिश रॉक बँडवरचा लेख वाचला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला हे आवर्जून लिहिलेत, बरे वाटले. ब्रायन मेच्या घरी बनवलेल्या गिटारला तर अख्खा परिच्छेद दिलात. जॉन डीकन तेवढा फोटोखाली सापडला. ‘बेस गिटार’ (खालच्या सुरांची गिटार), बस्स.

गोव्यातल्या फोंड्यात मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. भजनी मंडळांचे, तियात्र म्हणजे कोकणी नाटकवाल्यांचे, लग्नातल्या बँडचे. म्हणून डीकन मला आमच्याच धंद्यातला वाटतो. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे, बँडमध्ये आला 1971 साली. भंगारात टाकलेला एक सर्किट बोर्ड त्याने उचलून आणला, स्पीकरच्या छोट्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. झाला अ‍ॅम्प्लिफायर तयार. तुम्ही ज्या गिटारचे कौतुक केलेत, तिचे व्हायोलिन-ट्रम्पेटसारखे भासणारे कितीतरी आवाज या खोक्यातून निघालेले आहेत!

आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’? 1980 चे ते गाणे डीकनने लिहिले. अमेरिकेत पहिल्या नंबरला गेले. बेस तीन ठोके देतो आणि थांबतो. त्या थांबण्यातच गंमत आहे. चवथीला घुमट, म्हणजे आमचे मडक्यासारखे चर्मवाद्य, वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. उजव्या हाताची थाप सगळ्यांना दिसते. पण डावा तळवा मागचे तोंड किती झाकतो, किती उघडतो, त्यावर आवाज ठरतो.

बेसची सर्वांत जाड तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तो सूर झेपत नाही, वरच्या स्वरांवरून कान अंदाज बांधतो. दुकानात अ‍ॅम्प तपासताना मी टेबलाच्या फळीवर पंजा ठेवतो. फळी थरथरली म्हणजे काम झाले. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांना बेस फालतू वाटला तर नवल नाही.

लग्नवाल्यांना तर वाटतोच. गेल्या डिसेंबरात एका रिसेप्शनच्या आयोजकाने पैसे वाचवायला बँडमधल्या बेसवाल्या पोराला ऐनवेळी गाळले. ‘कीबोर्डवाला डाव्या हाताने सांभाळील’ म्हणे. कीबोर्डवाला भला माणूस, पण दोन्ही हातांनी गाण्यामागे धावत होता. ड्रमरचा पाय एकीकडे, खालचे सूर दुसरीकडे. नाचणारे अर्ध्यातून जेवणाच्या रांगेत गेले. खापर फुटले गायिकेवर.

पुरवणीत पुढे कधी बँडवर लिहाल तेव्हा बेसवाल्यालाही चार ओळी द्याव्यात, एवढीच विनंती. आयोजकही पेपर वाचतात.

त्या पोराचा अ‍ॅम्प माझ्याकडे दुरुस्तीला होता. स्पीकरचा कोन (पडदा) फाटला होता, बदलून ठेवलाय. महिना झाला, न्यायला आलेला नाही.

आपला,
एक वाचक, फोंडा